व्हिडिओ पाहून शिकलेला पूलचा नेम टेबलावर का चुकतो: लक्षणे आणि क्रमाने करायच्या तपासण्या

लक्षणे

पूल हा क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारून इतर बॉल टेबलाच्या पॉकेटात घालायचा खेळ. त्यात नेम धरण्याची पद्धत व्हिडिओवरून शिकलेल्या खेळाडूची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: पाहताना सगळे समजते, टेबलावर मात्र बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून परत येतो. हा दोष मी आधी माझ्या स्वतःच्या खेळातून आणि नंतर सोबत खेळणाऱ्या बऱ्याच जणांच्या खेळातून काढला आहे. दर वेळी असे दिसले की दोष शिकलेल्या पद्धतीत क्वचितच असतो. तो नजरेत, फटक्यात किंवा बॉलच्या घर्षणात असतो, आणि खेळाडू मात्र आणखी एक व्हिडिओ शोधत बसतो.

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी आपल्या बाबतीत घडत असतील, तर पुढील तपासण्या आपल्यासाठी आहेत.

- कट शॉटमध्ये, म्हणजे बॉल बाजूने मारून तिरका वळवताना, ऑब्जेक्ट बॉल (जो पॉकेटात घालायचा तो) जवळजवळ नेहमी जाड लागतो, म्हणजे जितका वळायला हवा तितका वळत नाही.
- एका बाजूचे कट बरे जातात, दुसऱ्या बाजूचे तेच कट चुकतात.
- बॉल पॉकेटच्या तोंडाशी असताना सगळे बरोबर वाटते आणि अंतर मीटरभर झाले की नेम कोलमडतो.
- उभे असताना रेषा बरोबर दिसते, पण क्यूवर वाकल्यावर ती चुकीची वाटू लागते.
- नवी पद्धत दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी बंद पडते.
- हळू मारलेले शॉट चुकतात आणि तेच शॉट जोरात मारले की जातात. हे लक्षण पाहून बहुतेक जण जोरात मारण्याची सवय लावून घेतात. ती सवय पुढे फार महागात पडते.

किती चूक चालते, हे आधी समजून घ्यावे

पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिमी असतो. कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साधारण ११४ मिमी, म्हणजे साडेचार इंच आहे असे धरले, तर दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम एका बॉलाएवढी मोकळी जागा उरते. ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल, तर त्याची दिशा इकडे किंवा तिकडे सुमारे १.६ अंशांपर्यंत चुकली तरी तो जातो. एवढी सूट मिळवण्यासाठी पांढरा बॉल आदळताना आपल्या नेमक्या जागेपासून साधारण दीड मिलिमीटरच्या आत असावा लागतो, आणि कट जितका पातळ, म्हणजे बॉल जितका कडेला लागेल, तितकी ही सूट आणखी कमी होते. सरळ शॉटमध्ये दीड मिलिमीटर असेल, तर ३० अंशांच्या कटात सव्वा ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान राहते.

हा आकडा मी सुरुवातीलाच सांगतो, कारण त्यामुळे अपेक्षा जमिनीवर येतात. ‘बॉलच्या या भागावर नेम धरा’ असे व्हिडिओत सांगितले जाते तेव्हा तो भाग बोटभर रुंद असल्यासारखा वाटतो, आणि प्रत्यक्षात हिशेब नखाच्या जाडीचा असतो.

पहिली तपासणी: चुकांची वही

या तपासणीला काही खर्च नाही, आणि तरीही हीच सर्वांत जास्त टाळली जाते. ऑब्जेक्ट बॉल कोपऱ्यातील पॉकेटपासून साधारण एक मीटरवर ठेवावा. क्यू बॉल, म्हणजे पांढरा बॉल, त्याच्यामागे पाऊण मीटरवर अशा जागी ठेवावा की त्याचे केंद्र ऑब्जेक्ट बॉलच्या कडेकडे रोखले असता ऑब्जेक्ट बॉल पॉकेटकडे जाईल. हा अर्ध्या बॉलाचा शॉट आहे आणि त्यात कट ३० अंशांचा होतो. वहीच्या पानांच्या भोकांना लावतात त्या कागदी कड्या दोन्ही बॉलांखाली टेबलावर चिकटवल्या, की तोच शॉट पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून मारता येतो. उजवीकडचे वीस आणि डावीकडचे वीस शॉट मारावेत आणि प्रत्येक चुकीपुढे एवढेच लिहावे: जाड की पातळ.

दिशेची ही नोंद महत्त्वाची आहे, कारण चूक कोणत्या बाजूला पडते यावरून दोषाचे घर कळते. दोन्ही बाजूंचे कट जाड लागत असतील, तर एकतर नेमाचा बिंदू चुकीचा समजला आहे किंवा बॉलांमधील घर्षण हिशेबात धरलेले नाही. एका बाजूचे कट जाड आणि दुसऱ्या बाजूचे पातळ लागत असतील, म्हणजेच ऑब्जेक्ट बॉल दोन्ही वेळा पॉकेटच्या एकाच हाताला चुकत असेल, तर नजर किंवा फटका एका बाजूला ओढला जातो आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: ऑब्जेक्ट बॉल उजवीकडे चुकला, तर पांढरा बॉल डावीकडे गेलेला असतो. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील, तर नेमाची चर्चा बाजूला ठेवावी आणि फटक्याकडे पाहावे, कारण जो हात दर वेळी वेगळे काहीतरी करतो त्याला कोणतीही पद्धत सरळ करू शकत नाही.

वही न लिहिता ‘माझे बहुतेक जाडच लागतात’ असे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांची वही नंतर वेगळेच सांगते, असा माझा अनुभव आहे. आठवणीत रुतून बसतात त्या वाईट चुका. त्या प्रातिनिधिक असतातच असे नाही.

दुसरी तपासणी: व्हिडिओतले नेमके काय समजले होते?

या तपासणीलाही खर्च नाही. दोन्ही बाजूंचे कट जाड लागणाऱ्या दहा जणांपैकी कितीतरी जण इथेच बरे होतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

व्हिडिओत सांगतात की पॉकेटच्या केंद्रापासून ऑब्जेक्ट बॉलच्या केंद्रातून एक रेषा काढावी, आणि ती बॉलच्या मागच्या बाजूला जिथे बाहेर पडते तो स्पर्शबिंदू मानावा. हे बरोबर आहे. चूक यानंतर होते: खेळाडू पांढऱ्या बॉलचे केंद्र थेट त्या स्पर्शबिंदूवर नेऊ पाहतो. पांढरा बॉलही गोल आहे, त्यामुळे त्याचे केंद्र स्पर्शबिंदूवर कधीच पोहोचत नाही. टक्कर होते त्या क्षणी पांढऱ्याचे केंद्र ऑब्जेक्ट बॉलच्या केंद्रापासून पूर्ण एका व्यासावर, म्हणजे ५७ मिमी मागे असते. त्या जागी कल्पनेने ठेवलेल्या बॉलला ‘घोस्ट बॉल’ म्हणतात आणि नेम त्याच्या केंद्रावर धरायचा असतो.

फरक किती पडतो ते ३० अंशांच्या कटात पाहावे. खेळाडूच्या जागेवरून स्पर्शबिंदू ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यापासून सुमारे १४ मिमी बाजूला दिसतो, तर खरा नेम त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ २८.५ मिमी बाजूला, बॉलच्या अगदी कडेवर असतो. जो खेळाडू केंद्र स्पर्शबिंदूकडे रोखतो त्याला ३० ऐवजी सुमारे साडेचौदा अंशांचा कट मिळतो, आणि एक मीटर अंतरात बॉल पॉकेट सोडून पार भलतीकडे जातो. गंमत अशी, की अशा खेळाडूचा हात काही दिवसांत नकळत भरपाई करू लागतो. डोळा स्पर्शबिंदूकडे असतो आणि मनगट शेवटच्या क्षणी पातळ बाजूला ढकलते. ओळखीच्या शॉटमध्ये ही भरपाई जमते, नव्या कोनात जमत नाही. ‘दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी बंद पडते’ या लक्षणाचे मूळ पुष्कळदा इथे असते.

साधा उपाय असा. एक जादा बॉल घ्यावा, तो ऑब्जेक्ट बॉलला मागून अशा रीतीने टेकवावा की दोघांची केंद्रे आणि पॉकेट एका रेषेत येतील, त्याच्या तळाशी टेबलावर कागदी कडी चिकटवावी आणि बॉल उचलून घ्यावा. आता पांढऱ्या बॉलमागे उभे राहून ती कडी आपल्या अपेक्षेपेक्षा किती बाहेरच्या बाजूला आहे ते शांतपणे पाहावे. बहुतेकांना ती चुकीच्या जागी ठेवली गेली असेच वाटते.

अपूर्णांकाच्या पद्धतीविषयी, म्हणजे ऑब्जेक्ट बॉलचा किती भाग झाकला जाईल ते ठरवून नेम धरण्याविषयी, दोन वाक्ये. पूर्ण बॉल ० अंश, पाऊण बॉल सुमारे १४.५, अर्धा ३० आणि पाव बॉल सुमारे ४८.६ अंशांचा कट देतो, हे गणिताने पक्के आहे. पण या पायऱ्यांमधील अंतर १४ ते १९ अंशांचे आहे आणि आपल्याला मिळणारी सूट दीड-पावणेदोन अंशांची, त्यामुळे मधले सर्व कोन शेवटी अनुभवानेच भरावे लागतात. क्यू कडेपासून मध्याकडे फिरवण्याच्या ज्या पद्धती दाखवल्या जातात, त्यांचा खरा फायदा माझ्या मते त्यांच्या भूमितीत नसून त्या खेळाडूला प्रत्येक शॉटपूर्वी एकाच क्रमाने पाहायला लावतात यात आहे. यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. वहीतल्या चुका कमी होत असतील तर मला कोणतीही पद्धत मान्य आहे.

कॅमेऱ्याचाही वाटा लक्षात घ्यावा. वरून घेतलेल्या चित्रात घोस्ट बॉल स्वच्छ गोल दिसतो, पण क्यूवर वाकलेल्या खेळाडूला तोच प्रदेश जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून, दबलेला दिसतो. क्यूच्या रेषेत ठेवलेला कॅमेरा एका डोळ्याने पाहतो, आणि आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण ६३ मिमीवर, म्हणजे बॉलच्या व्यासापेक्षाही जास्त अंतरावर असतात. रुंद कोनाचे भिंग असेल तर दूरचा बॉल आणखी लहान आणि लांब भासतो. म्हणून पडद्यावर दिसणारे चित्र टेबलावर जसेच्या तसे शोधू नये. व्हिडिओतून नियम घ्यावा आणि दिसणे स्वतःच्या जागेवरून नव्याने शिकावे.

तिसरी तपासणी: साहित्य

नाचता येईना अंगण वाकडे, हे आपण दुसऱ्याला ऐकवतो. पूलमध्ये मात्र अंगण खरोखर वाकडे असू शकते, आणि ते तपासायला दहा मिनिटे पुरतात.

बॉल ओलसर मऊ कापडाने पुसून कोरडे करावेत. मळलेल्या बॉलांमध्ये घर्षण वाढते आणि कट जाड लागतात. नेमका स्पर्शबिंदूवर चॉकचा डाग आला तर बॉल अडखळल्यासारखा भलत्या दिशेने जातो. त्यानंतर पांढरा बॉल इतर बॉलांशेजारी ठेवून उंची पाहावी, कारण नाणे टाकून खेळायच्या काही टेबलांवर पांढरा बॉल वेगळा ओळखू यावा म्हणून मापाने मोठा किंवा वजनाने जड ठेवलेला असतो आणि त्यावर शिकलेला नेम दुसऱ्या टेबलावर चालत नाही. क्यू सपाट टेबलावर गडगडवून आणि मग डोळ्यासमोर धरून वाकडा आहे का ते पाहावे. क्यूच्या टोकाची टिप गुळगुळीत चकचकीत झाली असेल तर ती चॉक धरत नाही, मग क्यू घसरतो आणि खेळाडू घाबरून मध्याभोवतीच कुठेतरी अर्धवट मारू लागतो. टेबलाची पातळी पाहण्यासाठी एक बॉल अगदी हळू, लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने सोडावा. थांबताना तो सतत एकाच बाजूला वळत असेल तर हळू मारलेल्या शॉटच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात.

चौथी तपासणी: कट विसरून सरळ शॉट

वहीत चुका विखुरलेल्या असतील किंवा एकाच हाताला पडत असतील, तर कटचा सराव थांबवावा. ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून एक मीटरवर, पांढरा बॉल त्याच सरळ रेषेत आणखी मीटरभर मागे, आणि फटका असा की पांढरा बॉल आदळल्यावर जागच्या जागी थांबेल. या शॉटमध्ये नेमाची कोणतीही गुंतागुंत नाही. केंद्र केंद्राकडे जायचे आहे, एवढेच. म्हणून इथे चुकलेला बॉल ‘पद्धत चुकली’ म्हणू देत नाही.

दहापैकी सात बॉल जात नसतील तर नेमाचे व्हिडिओ पाहणे बंद करावे, असे मी स्पष्ट सांगतो. सात ही माझी मर्यादा आहे, शास्त्राची नव्हे. पण तिच्याखाली असताना कटचा सराव करणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

बॉल गेला तरी पांढऱ्याकडे पाहत राहावे. तो जागेवर थांबून भोवऱ्यासारखा फिरत असेल, तर टिप मध्यावर न लागता बाजूला लागली आहे. वरून पाहता तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर टिप उजवीकडे लागली, घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डावीकडे. आणखी खात्री हवी असेल तर पट्ट्याचा एखादा बॉल पांढऱ्याच्या जागी ठेवावा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत करावा, टिपला ताजे चॉक लावावे आणि शॉटनंतर बॉल उचलून चॉकचा ठिपका पट्ट्याच्या मध्यावर आहे का ते पाहावे.

हे इतके महत्त्वाचे का? टिप उजवीकडे लागली की पांढरा बॉल क्यूच्या रेषेने न जाता किंचित डावीकडे सटकतो. या सटकण्याला खेळाडू ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. पांढरा डावीकडे सरकला की ऑब्जेक्ट बॉल उजवीकडे जातो, आणि दीड मिलिमीटरचा हिशेब असताना अर्ध्या अंशाचे सटकणेही मीटरभरात आठ-नऊ मिलिमीटरचे होते. खेळाडू नेमाला दोष देतो, आणि चूक मात्र त्याला नको असलेल्या, माहीत नसलेल्या साइडची, म्हणजे टिप बाजूला लागून आलेल्या फिरकीची, असते.

उपाय कंटाळवाणे आहेत. ब्रिजचा हात, म्हणजे क्यूला पुढे आधार देणारा हात, टेबलावर घट्ट टेकवावा, मागचा हात क्यू आवळून न धरता पेलून धरावा, मागे नेण्याचे अंतर कमी करावे आणि फटक्यानंतर बॉल थांबेपर्यंत क्यू होता तिथेच राहू द्यावा. थांबलेली टिप रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे तेव्हाच कळते. मोबाइलचा कॅमेरा या कामासाठी फार उपयोगी आहे: तो आपल्यामागे क्यूच्या रेषेत ठेवून कोपर आणि मनगट बाहेर जाते का ते पाहावे. समोरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले तर काही मोबाइल ते आरशासारखे उलटे साठवतात, त्यामुळे डावे-उजवे आधी तपासून घ्यावे. एका खेळाडूने चार दिवस आपला दोष उलट्या बाजूला दुरुस्त केला होता. तो खेळाडू मीच होतो.

पाचवी तपासणी: नजर आणि वाकण्याची पद्धत

सरळ शॉट बऱ्यापैकी जातो, चॉकचा ठिपका मध्यावर येतो, तरी कट एकाच हाताला चुकतात, तेव्हा डोक्याची जागा तपासावी. कोणाकडून तरी दोन बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत मांडून घ्यावेत. फटका न मारता क्यू त्या रेषेवर धरून वाकावे आणि डोके अगदी हळू डावीकडे-उजवीकडे सरकवावे. एका ठरावीक जागी क्यू, पांढऱ्याचे केंद्र आणि ऑब्जेक्ट बॉलचे केंद्र एका रेषेत दिसतात. त्या जागी हनुवटीखाली किंवा गालाखाली क्यू कुठे आहे ते लक्षात ठेवावे. काहींचा क्यू हनुवटीच्या बरोबर मध्याखाली असतो, काहींचा एका डोळ्याकडे सरकलेला. ‘प्रबळ डोळा नेमका क्यूवर हवाच’ असा आग्रह मी धरत नाही, कारण पुष्कळांना दोन डोळ्यांच्या मधली जागाच योग्य ठरते. जागा कोणतीही असो, ती प्रत्येक शॉटला तीच असली पाहिजे.

आता ज्या दोषावर माझा सर्वाधिक वेळ गेला आहे त्याविषयी. खेळाडू उभा राहून रेषा बरोबर पाहतो, मग वाकताना पाय आधीच भलत्या जागी असल्यामुळे क्यू रेषेच्या बाजूने खाली येतो. वाकल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखे दिसते, आणि तो न उठता मनगट वा ब्रिजचा हात मिलिमीटरभर सरकवून नेम ‘दुरुस्त’ करतो. आता टिप पांढऱ्याच्या मध्यावर राहत नाही, क्यूची दिशा पावलांशी जुळत नाही, आणि हात फटक्याच्या क्षणी पुन्हा मूळ दिशेला ओढला जातो. एका चुकीवर तीन चुकांचे थर चढतात. वर त्यातले काही शॉट योगायोगाने जातात, म्हणून ही सवय सुटत नाही.

यावर एकच नियम मी लावतो आणि तो कठोरपणे लावतो: वाकल्यावर रेषा चुकीची वाटली तर उठून उभे राहावे. हात सरकवायचा नाही. उभे राहून रेषा पुन्हा पाहावी, क्यूच्या बाजूचा पाय रेषेवर ठेवावा आणि डोके रेषेवरूनच सरळ खाली आणावे. सुरुवातीला एका शॉटसाठी चार-पाच वेळा उठावे लागते आणि सोबतचा खेळाडू वैतागतो. हा सराव एकट्यानेच करावा.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. क्यूवर वाकल्यावर आपण मान उचलून भिंगाच्या वरच्या भागातून, कधी फ्रेमच्या काठावरून पाहतो. जवळचे आणि लांबचे एकाच भिंगात असलेला चष्मा असेल तर दूरचा बॉल कोणत्या भागातून दिसतो आहे यावर त्याची कड स्पष्ट किंवा पुसट होते, आणि पुसट कडेवर अर्ध्या बॉलाचा नेम धरता येत नाही. चष्मा नाकावर थोडा वर चढवून तोच शॉट पाहावा. फरक पडला तर कारण सापडले.

सहावी तपासणी: घर्षणाने होणारी ओढ

ही तपासणी शेवटी ठेवली आहे, कारण फटका आणि नजर सरळ झाल्याशिवाय हिचा निकाल वाचता येत नाही. अनेक व्हिडिओ घोस्ट बॉल शिकवतात आणि इथेच थांबतात. मात्र घोस्ट बॉलची भूमिती बॉल पूर्ण गुळगुळीत आहेत असे मानते. खरे बॉल टक्करीच्या क्षणी एकमेकांवर घासतात, आणि पांढरा ज्या बाजूला सरकत असतो त्याच बाजूला ऑब्जेक्ट बॉलला थोडे ओढून नेतो. परिणामी कट अपेक्षेपेक्षा जाड होतो. याला ‘थ्रो’ म्हणतात. बॉलांची फिरकी आणि टक्कर यांचे गणित काही नवे नाही. गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८३५ मध्येच मांडले होते.

थ्रो डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन बॉल एकमेकांना टेकवून त्यांची रेषा मीटरभर दूरच्या कुशनवरील एका डायमंडकडे, म्हणजे टेबलाच्या काठावरील खुणेकडे, करावी. मागच्या बॉलच्या डाव्या बाजूला पांढरा बॉल मारावा. मागचा बॉल उजवीकडे ढकलला जातो आणि जाताना पुढच्या बॉललाही उजवीकडे ओढतो. पुढचा बॉल डायमंडवर न पोहोचता त्याच्या उजवीकडे पोहोचतो. उजव्या बाजूला मारले तर उलट घडते.

ही ओढ सर्वत्र सारखी नसते. पांढरा बॉल आदळताना पुढे लोळत नसून नुसता घसरत असेल, वेग कमी असेल आणि कट अर्ध्या बॉलाच्या आसपास असेल, तेव्हा ती सर्वांत जास्त, सुमारे पाच अंशांपर्यंत असते. एक मीटरात पाच अंश म्हणजे साडेआठ सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे नेम भूमितीने तंतोतंत असूनही बॉल पॉकेटबाहेर. जोर वाढला की घासण्याचा परिणाम कमी होतो, म्हणूनच लक्षणांमध्ये सांगितल्याप्रमाणे हळू मारलेला शॉट चुकतो आणि जोरात मारलेला जातो. पांढरा बॉल स्वाभाविक लोळत आला तरीही ओढ बरीच कमी होते.

म्हणून तोच ३० अंशांचा शॉट तीन प्रकारे मारून वहीत वेगळे लिहावे: हळू आणि घसरता, हळू आणि लोळता, मध्यम जोराने लोळता. फक्त पहिलाच जाड लागत असेल तर नेमाला हात लावू नये. त्या एका प्रकारच्या शॉटसाठी किंचित पातळ नेम धरावा किंवा शक्य तिथे बॉल लोळता न्यावा. बाहेरची, म्हणजे कट ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूची, साइड लावून थ्रो घालवता येतो हे खरे आहे, पण तिच्यामागून डिफ्लेक्शन आणि वळणारा पांढरा हे दोन नवे हिशेब येतात. सरळ शॉटमध्ये दहापैकी नऊ होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बॉल दुहेरी दिसणे, थोड्या खेळानंतर डोके दुखणे, एका डोळ्याने पाहता रेषा स्पष्ट आणि दोन्हींनी पाहता पुसट होणे, यांपैकी काहीही असेल तर सराव थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. त्यांना चष्म्याचा नंबर तपासण्याबरोबर हेही सांगावे की आपण मान उचलून, दीड-दोन मीटरवर, भिंगाच्या वरच्या भागातून पाहतो. मान, कंबर किंवा खांदा दुखत असताना वाकण्याची पद्धत बदलत बसू नये. ते फिजिओथेरपिस्टचे काम आहे.

टेबल एका बाजूला झुकले असेल तर पायांखाली पुठ्ठे सरकवण्याचा मोह टाळावा. मोठ्या टेबलांचा दगडी पृष्ठभाग बहुधा तीन तुकड्यांचा असतो, आणि एक कोपरा उचलताना सांधे हलले की कापडाखाली उंचवटा येतो. त्याची पातळी टेबल बसवणाऱ्या कारागिरानेच करावी. टिप बदलणे आणि टिपखालची तडकलेली फेरुल बदलणेही क्यू दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवावे. टिप तिरकी बसली तर वर सांगितलेल्या सगळ्या नोंदी निरर्थक होतात.

राहिला प्रशिक्षक. चार आठवडे वही लिहूनही सरळ शॉट दहापैकी सातच्या पुढे जात नसेल, किंवा चुकांची बाजू ओळखली असून ती बदलत नसेल, तर स्वतः शोधणे थांबवावे, कारण आपल्या कोपराचा दोष आपल्या डोळ्यांना खेळताना दिसत नाही. जाताना वही, मागून घेतलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण आणि नेहमीचाच क्यू सोबत न्यावा. कोणकोणते व्हिडिओ पाहिले याची यादी त्यांना ऐकवण्याची गरज नाही. आधी दहा सरळ शॉट मारून दाखवावेत.